तिसरा आग्रह

डार्विनला ऋतू दोनच, एक कोरडा आणि एक ओला, असं इथे कधीच न राहिलेली माणसं सांगतात. इथल्या माणसाला विचाराल तर तो तिसऱ्याचं नाव घेईल आणि घेताना कपाळावरचा घाम पुसेल. त्याला इथे बिल्ड-अप म्हणतात. ऑक्टोबर लागला की रोज दुपारी आभाळ काळंभोर भरून येतं. समुद्रावर लांब कुठेतरी विजा चमकतात, झाडाचं पान हलत नाही, धुतलेला गाऊन दोन दिवस दोरीवर दमटच राहतो. आता कोसळणार म्हणून आपण खिडक्या लावायला धावतो, आणि पाऊस येत नाही. उद्या पुन्हा तेच. असे सहा-सात आठवडे जातात. या दिवसांत इथली शहाणी माणसंही शेजाऱ्याच्या कुत्र्यावरून भांडतात. आंबे मात्र या उकाड्यात मन लावून पिकतात आणि फुटपाथवर धपाधप पडतात.

यंदाही आंबे पडायला लागले आणि आमच्या वॉर्डात एक नवी आयरिश नर्स आली. पहिल्याच दिवशी तिने घरी भाजलेला ब्रेड आणला, लोण्याचा डबा आणला, सफाईवाल्यापासून कन्सल्टंटपर्यंत सगळ्यांची नावं विचारून घेतली. स्मोकोच्या, म्हणजे इथल्या चहाच्या सुट्टीत सगळ्यांची तोंडं भरलेली होती आणि त्या भरल्या तोंडांनी एकच गजर चालला होता, "द आयरिश आर द लव्हलिएस्ट पीपल." मग ते तसे का, यावर चर्चा सुरू झाली. एक म्हणाली, गरिबी पाहिलीय ना त्यांनी. दुसरा म्हणाला, तिकडे सतत पाऊस, माणसं घरात बसून बसून गप्पिष्ट होतात. कोणी पबचं नाव घेतलं, कोणी देवाचं. मी सिंककडे तोंड करून माझा डबा धूत होते. धुऊन झालेला डबा मी दुसऱ्यांदा धुतला.

मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण मला विचारायचं कोणाला सुचलं नाही, आणि ते बरंच झालं.

मी वसईची. आमच्याकडे पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, जरा मऊ आवाजात. तिसऱ्यांदा यजमानीण ताट पुढे ढकलते, मग आपण "बरं, थोडंसंच" म्हणून पोटभर जेवायचं. एवढी साधी रीत जगभर असणार असं समजून मी ऑस्ट्रेलियात आले. इथे पहिल्या दिवशी एका सहकारी बाईने विचारलं, "कपा?" म्हणजे चहा घेणार का. मी शिकवल्याप्रमाणे लाजून म्हटलं, "नको, थँक्स." ती म्हणाली, "नो वरीज," आणि आपला कप घेऊन निघून गेली. मी किटलीकडे बघत राहिले. पहिला महिना मी अशी उपाशी काढला. माझ्या शिष्टाचाराने मला जेवढं सतावलं तेवढं इथल्या उन्हानेही सतावलं नाही.

अशात ओर्ला भेटली. आमच्याच वॉर्डातली, पंचेचाळिशीची, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा खेड्यातली, गालांवर ठिपके, आवाज दोन कॉरिडॉर ओलांडून येणारा. तिने विचारलं, चहा घेशील? मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "आह, घेशील गं." मी म्हटलं, खरंच नको. ती म्हणाली, "अगं अर्धा कप, नुसता ओठ ओले कर," आणि ओतलाच. वर माझ्या बशीत जाड लोण्याचा ब्रेड ठेवला. तो ब्रेड चावताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी आजही नाकारणार नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या बाईला आमची रीत ठाऊक होती. तिने सांगितलं की त्यांच्याकडेही असंच, पहिल्या विचारण्याला जो हो म्हणतो तो हावरट ठरतो.

मग कळलं की ती माझ्या घरासमोरच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहते. तिचं दार कधी बंद नसायचं. तिच्या गावी म्हणे घराची किल्ली दाराला बाहेरूनच लावलेली असते, येणाऱ्याला तसदी नको म्हणून. डार्विनमध्ये तिने किल्ली काढली होती, पण दाराला एक चप्पल अडकवून ठेवलेली असायची. आत पंखा गरगरत असायचा, पस्तीस अंशांत कढत चहा चाललेला असायचा, आणि कोणी ना कोणी सोफ्यावर असायचंच. पाठीवर बॅगा घेऊन देश बघणारी आयरिश पोरं असायची, पलीकडची टिमोरी म्हातारी असायची, कधी माझा नवरा विल्सन असायचा. कोणी नवीन आलं की ओर्लाचा पहिला प्रश्न, तू कुठली, कोणापैकी? अगदी आमच्या गावच्या बायका विचारतात तसा. मी वसईच्या शाळेतल्या एका आयरिश ननची आठवण सांगितली तर ही खुर्चीच्या टोकावर येऊन बसली. "कुठल्या गावची होती? आडनाव काय?" पंधरा मिनिटं तिने त्या बिचाऱ्या ननचा माग काढला आणि लागला नाही म्हणून ती खरोखर खट्टू झाली.

एकदा मीच विचारलं, तुम्ही सगळे असे कसे गं? ती ब्रेडवर लोणी थापत होती. म्हणाली, "आमच्या प्रत्येक घरातलं एक तरी माणूस बाहेर गेलेलं असतं. कुठे असेल, कोणाच्या दारात उभं असेल, आईला काय माहीत? मग आई आपल्या दारात येणाऱ्याला जेवू घालते. तिकडे कोणीतरी तिच्या लेकराला घालेल म्हणून." हे ऐकून मला हसू आलं, कारण अगदी हेच मी आईच्या तोंडून ऐकलं होतं. मी परदेशी आल्यापासून आई शेजारच्या इमारतीतल्या नेपाळी वॉचमनच्या बायकोला रोज कालवण देते. का, विचारलं तर म्हणते, "तुला पण कोणीतरी देत असेल ना, बाय?"

सात वर्षांपूर्वीच्या बिल्ड-अपमध्ये मला नववा महिना लागत होता. पाय सुजून पावासारखे झाले होते. विल्सन समुद्रात, गॅसच्या प्लॅटफॉर्मवर कामाला. तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी. त्याची शेवटची पाळी संपवून तो माझ्या तारखेआधी चार दिवस परत येणार होता. आईचा व्हिसा ऑगस्टमध्येच आला होता. तिने डिंक, खारीक, हळीव आणून ठेवले होते, आणि ते एअरपोर्टवर सोडतात की फेकून देतात याची गावभर चौकशी केली होती. फोनवर तिने विचारलं, "मग तिकीट काढू ना?"

मी त्या वेळी ओर्लाच्या सोफ्यावर होते. तिने खुणेनेच विचारलं, काय? मी सांगितलं. ती म्हणाली, "या भट्टीत त्या बिचारीला कशाला आणतेस? उकडून मरेल ती. मी आहे ना. तुझ्या उशाशी मी बसेन, बाळ बाहेर येईपर्यंत हात सोडणार नाही. आणि गॉडमदर मीच." तिने माझा हात धरून हे सांगितलं. पंखा फिरत होता, बाहेर आंबा पडल्याचा आवाज आला, मला फार निर्धास्त वाटलं.

मी आईला म्हटलं, "आई, राहू दे. इथे फार उकाडा आहे. माझ्याजवळ ओर्ला आहे."

आई म्हणाली, "बरं." तिने पुन्हा विचारलं नाही. मी तिला एकदाच नको म्हटलं आणि तिने ते खरं धरलं.

तारखेच्या दोन आठवडे आधीच, एका शनिवारी दुपारी अडीचला, स्वयंपाकघरात उभी असताना माझं पाणी गेलं. नर्स असल्यामुळे मी घाबरले नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं तर मी आधी फडकं घेऊन फरशी पुसायला लागले. ओर्लाला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मग टॉवेल गुंडाळून, हॉस्पिटलची बॅग घेऊन मी रस्ता ओलांडला. आभाळ नेहमीसारखं भरलेलं. तिचं दार नेहमीसारखं उघडं, चप्पल अडकवलेली. आत सोफ्यावर एक तरुण आयरिश जोडपं टोस्ट खात बसलं होतं. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"ओर्ला?"

"पर्थला गेली. फ्युनरलला," मुलगी म्हणाली. "सकाळच्या फ्लाइटने. आम्हाला म्हणाली, घर तुमचंच समजा." मग माझ्याकडे हसून बघत, "चहा घेणार?"

मी म्हटलं, नको.

"आह, घ्या ना."

मी तिच्या पायपुसण्यावर उभी होते, पायांवरून पाणी ओघळत होतं, आणि ती मला दुसऱ्यांदा आग्रह करत होती. तिचा काही दोष नव्हता, तिला टॉवेलखालचं काय दिसणार? तिसरा आग्रह व्हायच्या आत मी वळले. आजही कोणी आयरिश आदरातिथ्याचं कौतुक करायला लागलं की मला आधी ते पायपुसणं दिसतं.

टॅक्सीवाला पंजाबी होता. त्याने आरशातून पाहिलं आणि विचारलं, "बहनजी, साथ में कोई नहीं?" मी म्हटलं, "आ रहे हैं, पीछे से." एवढं बोलून मी जे रडायला लागले ते हॉस्पिटलच्या दारापर्यंत.

संध्याकाळी सात वाजता एमा झाली. ड्यूटीवरची मिडवाइफ भली बाई होती, पण तिला आणखी दोन खोल्या बघायच्या होत्या. मधल्या वेळात मी पलंगाच्या कठड्याचा हात धरला. त्या दिवशीही पाऊस आला नाही.

आईचा फोन आला तेव्हा एमा माझ्या छातीवर होती. आई रडली, हसली, नाक कोणासारखं ते विचारलं. मग म्हणाली, "त्या ओर्लाला दे जरा. मी इंग्लिशमधून पाठ करून ठेवलंय. थँक यू फॉर होल्डिंग माय डॉटर्स हँड. बरोबर आहे ना?"

मी खोलीतल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. म्हटलं, "आई, ती चहा आणायला गेलीय. मी सांगते तिला."

"सांग हं. आठवणीने सांग."

ओर्ला चौथ्या दिवशी आली. मनुकांचा केक, फुलं, डोळे सुजलेले. बसली आणि रडायलाच लागली. पर्थमध्ये बांधकामावरचा एक चोवीस वर्षांचा आयरिश मुलगा गेला होता. ओर्लाने त्याला आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण त्याच्या आईचं गाव हिच्या गावाच्या शेजारचं. त्या आईचा घरून फोन आला, की आम्ही पोचेपर्यंत माझा पोरगा तिथे एकटा पडलाय. आयरिश माणसं मेलेल्याला एकटं ठेवत नाहीत. कोणीतरी शवाजवळ बसतं, बोलतं, चहा पितं. ओर्ला दोन दिवस, दोन रात्री त्या अनोळखी मुलाजवळ बसली. "मी नाही कशी म्हणणार?" ती म्हणाली. "ती परकी बाई, तिचं दुसरं कोण होतं? आणि मला वाटलं, अजून दोन आठवडे आहेत. आणि तू... तू तर आता घरचीच आहेस. तू समजून घेशील."

मी म्हटलं, "नो वरीज."

इथे आल्यापासून या दोन शब्दांचा मला राग होता. त्या दिवशी ते मला फार उपयोगी पडले.

त्यानंतर मी रस्ता ओलांडला नाही. तिने विचारलं, एकदा, दोनदा, पाच वेळा. माझी ड्यूटी असायची, एमा झोपलेली असायची, माझं डोकं दुखत असायचं. बाप्तिस्म्याला गॉडमदर म्हणून विल्सनची चुलतबहीण सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातून आली. ओर्लाला मी बोलावलं नव्हतं. मिस्सा संपून चर्चच्या हॉलमध्ये येतो तर टेबलावर सँडविचचे चार ट्रे, कडा कापलेले, ओल्या फडक्याने झाकलेले. ठेवणारी ठेवून निघून गेली होती. सगळ्यांनी चवीने खाल्ले, माझ्या नवऱ्याने तर सहा. मी एकही खाल्लं नाही. पुढच्या कोरड्या ऋतूत ती आयर्लंडला परत गेली. एमाच्या वाढदिवसाला दर वर्षी तिचा मेसेज येतो, शेवटी तेच वाक्य असतं, दार उघडं आहे. मी त्याला अंगठा दाखवते, तो मोबाइलवरचा.

सात वर्षांत मी हे सगळं डोक्यात इतक्यांदा उगाळलंय की आता त्यातून दुसरंच काही वर येतं. लहानपणी रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसणार तोच कोणी दारात यायचं. आई उठून त्याचं पान वाढायची आणि आमच्या ताटातली तळलेले बोंबील उचलून त्याच्या ताटात टाकायची. मी भोकाड पसरलं की म्हणायची, "गप. तू घरची ना?" घरची होणं हा मान आहे असं मला मोठेपणी वाटायला लागलं होतं. ओर्लाने मला तो मान दिला आणि माझा बोंबील उचलला. पाहुणी होते तोवर मला तीन वेळा चहा मिळायचा. घरची झाले आणि रिकामी खुर्ची मिळाली. हे कळलं म्हणून राग गेला असं मात्र नाही. त्या मेलेल्या मुलाला सोबत मिळाली, याचा मला सात वर्षं हेवा वाटतोय, आणि हे कन्फेशनमध्ये सांगायचीही लाज वाटते.

आणखी एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. आईने ओर्लाची कीर्ती आमच्या अख्ख्या गावात केली. बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, कोणाचं पोर परदेशी निघालं की, "आयरिश लोक शोध हो तिकडे. माझ्या पोरीचा हात धरून बसली होती बाई, सख्ख्या आईसारखी." एमाच्या वाढदिवसाला ती चर्चमधल्या माउलीपुढे तीन मेणबत्त्या लावते. एक एमाची, एक माझी, एक ओर्लाची. आयरिश माणसांचं एवढं नाव जगात का झालं, यावर आमच्या टी-रूममध्ये चर्चा चालते. आमच्या गावापुरतं उत्तर मला माहीत आहे. मी खोटं बोलले म्हणून.

त्या ब्रेडच्या दिवशी, डबा धुऊन मी बसले तशी नवी नर्स माझ्याजवळ आली. मी एकटीच ब्रेड न खाता बसले होते हे तिने पाहिलं असणार. चहा घेणार? मी म्हटलं, नको. "थोडासा?" नको. ती गेली नाही. कप माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "इथे ठेवते. मन झालं तर घ्या." तिसऱ्यांदा. माझ्या मनात आलं, या परक्या पोरीने मला तीन वेळा विचारलं. मी माझ्या आईला किती वेळा विचारलं? सात वर्षांत तिला ये म्हणून एकदाही विचारलेलं नव्हतं. तिने एकदा विचारलं, मी नको म्हटलं, आणि पुढे दोघींनीही तो विषय काढला नाही. आग्रह आम्ही बाहेरच्यांसाठी राखून ठेवला होता.

आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, घरी आले. चार वाजले होते, म्हणजे वसईत दुपारचे बारा. एमा अंगणातला आंबा उचलून "ममा, धिस वन हॅज अँट्स" म्हणत होती. मी फोन लावला.

"आई, एमा झाली त्या दिवशी माझ्याजवळ कोणी नव्हतं."

"म्हणजे? ओर्ला होती ना?"

"नव्हती. ती पर्थला गेली होती. मी तुझ्याशी खोटं बोलले."

पलीकडे पातेल्यात काही शिजत होतं. मग आईने गॅस बंद केला.

"सात वर्षं मी तिच्या नावाची मेणबत्ती लावते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माझा व्हिसा आलेला होता, बाय. बॅग भरलेली होती. तुझ्या शब्दावर मी ती सोडली. मी इथे पुन्हा पुन्हा म्हणायचे, चला, कोणीतरी आहे पोरीजवळ."

मला माफ कर म्हणायचं होतं. मी म्हटलं, "आई, ये ना इकडे."

"आता कशाला? तुझं सगळं झालं की."

"ये गं. एमाला बघ."

"गुडघे धरलेत माझे. विमानात बारा-चौदा तास कोण बसवणार मला?"

एरवी मी इथे थांबले असते. नो वरीज म्हटलं असतं.

"आई, मी न्यायला येते. तू नुसती ये. मला पाहिजेस तू."

  पलीकडे कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बरणीचं झाकण फिरवल्याचा.

"त्या वेळचा डिंक अजून आहे," आई म्हणाली. "टाकवला नाही माझ्याने. सात वर्षांचा झाला, तुमचे एअरपोर्टवाले सोडतील का गं तो?"